आलापल्लीकडील एक जुना नकाशा आणि त्याची संगणकीय प्रत

जुनीं कागदपत्रें जमविणाऱ्यांच्या घरीं सनदा, निवाडपत्रें व बखरी यांस जो मान मिळतो तो नकाशांस मिळत नाहीं. दप्तर सोडतांना एखादा नकाशा निघालाच तर तो घडी करून तळाशीं ठेवावयाचा आणि यादींत 'नकाशा, जीर्ण, एक' एवढें लिहून मोकळें व्हावयाचें, अशी आपली रीत आहे. प्रस्तुत लेखकही चाळीस वर्षें ह्याच रीतीनें वागत आला, ही कबुली आरंभींच दिलेली बरी. संस्कृत पोथ्यांचे पाठ लावण्यांत ज्याचा जन्म गेला त्यास नकाशा हाही वाचावयाचाच एक लेख आहे हें फार उशिरां कळलें. आणि तेंही आलापल्लीस एका जुन्या नकाशाची झालेली दुर्दशा पाहिल्यावर. ह्या दुर्दशेस वाळवी किंवा पाऊस कारण झाला नाहीं. मूळ कागद शाबूत आहे. दुर्दशा झाली ती त्याच्या संगणकीय प्रतीची, व ती प्रत चांगल्या हेतूनें केलेली असल्यामुळेंच तिची सविस्तर चिकित्सा करणें प्राप्त झालें.

प्रथम हें काम काय असतें तें सांगितलें पाहिजे. कागदी नकाशाची यंत्रानें हुबेहूब छबी घ्यावयाची, हा पहिला भाग. त्यास स्कॅन करणें म्हणतात व तें आतां तालुक्याच्या गांवींही होतें. दुसरा भाग नाजूक आहे. त्या छबींतील कांहीं बिंदु निवडून प्रत्येकाचे पृथ्वीवरील अक्षांश-रेखांश संगणकास सांगावयाचे, आणि मग संगणकानें सगळें चित्र फिरवून, ताणून, आकसून आजच्या नकाशावर किंवा उपग्रहचित्रावर बसवावयाचें. इंग्रजींत यास जिओरेफरन्सिंग म्हणतात. आपण भूसंदर्भन म्हणूं, व निवडलेल्या बिंदूंस आधारबिंदु म्हणूं. नकाशा एकदां असा बसला कीं त्यावरील गांव, वाट किंवा तळें आज कोठें येतें तें क्षणांत दिसतें. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीनें २०१२ सालीं आपले नकाशे सर्वांपुढें मांडून हें काम हौशी लोकांकडूनच करून घेण्यास आरंभ केला. स्कॉटलंडचें राष्ट्रीय ग्रंथालय आणि अमेरिकेंतील डेव्हिड रम्से यांचा संग्रह यांनींही ह्या बाबतींत मोठी उदारता दाखविली आहे. आपल्याकडे सर्वे ऑफ इंडियानें २०१७ पासून पन्नास हजारांस एक या प्रमाणाचे चालू नकाशे विनामूल्य दिले, आणि २०२१ च्या फेब्रुवारींत निघालेल्या नियमांनीं नकाशांवरचीं पुष्कळशीं जुनीं बंधनें उठलीं. हें सर्व स्वागतार्ह आहे. कुलूपबंद पेटीपेक्षां खुली छबी शतपटीनें बरी, याविषयीं माझ्या मनांत संशय नाहीं.

परंतु पोथ्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर स्कॅन ही यथामूल नक्कल होय व भूसंदर्भन हा संशोधित पाठ होय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पुरें झालें. त्या आवृत्तीचें प्रत्येक पान उघडून पाहावें, श्लोकाखालीं पाठभेदांची दाटी असते. संपादकानें काय स्वीकारलें हें जितकें महत्त्वाचें तितकेंच काय टाकलें हेंही महत्त्वाचें. भूसंदर्भित नकाशाच्या तळटीपा म्हणजे त्याचे आधारबिंदु, बसविण्याची रीत आणि बसविल्यानंतर उरलेली चूक. माझ्या पाहण्यांत आलेल्या बहुतेक प्रतींत ह्या तळटीपा नव्हत्या. नुसता गुळगुळीत पाठ तेवढा पुढें ठेवलेला.

आतां प्रस्तुत नकाशाकडे वळूं. आलापल्ली हें गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यांतील सागवानाबद्दल प्रसिद्ध असलेलें गांव. येथील जंगलाचा एक राखीव तुकडा २०१४ सालीं 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नांवानें महाराष्ट्रांतील पहिलें जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. ह्या मुलखाचे नकाशे उशिरां झाले. रेनेलच्या अठराव्या शतकांतील हिंदुस्थानच्या नकाशांत नागपुर व गोदावरी यांच्या पूर्वेचा भाग बहुतांशीं कोरा आहे. १७९५ सालीं कॅप्टन ब्लंट हा चुनारगडाहून निघून कांकेर व वैरागड या बाजूनें भोसल्यांच्या मुलखांतून गोदावरीकडे उतरला. त्याचें प्रवासवर्णन 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडांत आहे, आणि पुढें कित्येक वर्षें हा कोरा भाग अशा एकेरी वाटांच्या टिपणांनींच भरत राहिला. त्रिकोणमितीय मोजणीचा प्रवर्तक लॅम्बटन १८२३ च्या जानेवारींत हिंगणघाटास वारला, तो ह्या अरण्याच्या उंबरठ्यावरच म्हणावयाचा. तथापि त्याची मुख्य मालिका ७८ अंशांच्या रेषेच्या आसपास दक्षिणोत्तर गेली व आलापल्ली तिच्या पूर्वेस सुमारें दोनशें किलोमीटर राहिली. १८५४ मध्यें नागपुरचें राज्य खालसा झालें, १८६१ मध्यें मध्यप्रांत झाला, १९८२ च्या ऑगस्टांत चांद्याचे दोन जिल्हे झाले. एवढ्या उलाढालींत येथील मोजणीचे कागद किती कचेऱ्यांतून फिरले असतील याची कल्पना संग्राहकांस सहज करतां येईल.

प्रस्तुत नकाशा वनखात्यांतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या वारसांकडे आहे. तो इंग्रजी, छापील, चार मैलांस एक इंच या मापाचा व १९०५ च्या आधींचा आहे. घडी मोडूं नये म्हणून आठ तुकड्यांत कापून, दोन ओळींत चार चार असे ते कापडावर चिकटविले आहेत व तुकड्यांमध्यें तीन तीन मिलिमीटरांची फट ठेवली आहे. समासांत छापल्याचें साल, उंचीचें परिमाण आणि रेखांशासंबंधीं एक बारीक टीप आहे. जंगलाच्या हद्दी कोणीं तरी मागाहून तांबड्या शाईनें ओढल्या आहेत. सहा-सात वर्षांपूर्वीं एका ठिकाणीं ह्या नकाशाची भूसंदर्भित प्रत तयार झाली. तें ठिकाण व ती करणारे यांचीं नांवें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. प्रतीबरोबर जोडलेल्या अर्ध्या पानाच्या टिपणांत सहा आधारबिंदु घेतले, द्विघाती रीत वापरली व 'त्रुटि शून्य' आली, असें लिहिलें आहे. अर्धें पान कां होईना, तें टिपण जोडलें याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें. तें नसतें तर हा लेख लिहितां आला नसता.

पहिली गोष्ट, प्रतींत समास नाहीं. चौकटीबाहेरचा कागद निरुपयोगी समजून कापून टाकला आहे. पोथीची पुष्पिका फाडून टाकावी तसें हें झालें. समासांतील ती बारीक टीप मद्रासच्या वेधशाळेविषयीं होती. हिंदुस्थानच्या जुन्या नकाशांतील सर्व रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर टांगलेले असत, आणि तें रेखांश दीर्घकाळ ८० अंश १७ कला २१ विकला धरलें जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारायंत्रानें वेळ ताडून पाहतां ही संख्या फाजील ठरली, व १९०५ पासूनच्या नकाशांत ८० अंश १४ कला ४७ विकला हा आंकडा आला. अंतर सुमारें अडीच कलांचें. आलापल्लीच्या अक्षांशावर एक कला रेखांश म्हणजे पावणेदोन किलोमीटर. तेव्हां जुन्या नकाशावरचे रेखांश जसेच्या तसे आजच्या नकाशावर मांडले तर सगळा मुलूख चार किलोमीटरांहून अधिक पूर्वेस सरकतो. (ज्या तारायंत्रानें हा दोष काढला त्याच खात्याचे दोन गोरे नोकर १८५८ च्या एप्रिलांत प्राणहितेजवळ चिंचगुडी येथें बाबूराव शेडमाके यांच्या उठावांत मारले गेले, हें जातां जातां नमूद करतों.)

अहेरी तर आज जवळ जवळ ८० अंशांच्या रेषेवरच येते. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकांप्रमाणें त्या रेषेच्या पश्चिमेस ५६ व पूर्वेस ६५ क्रमांकाचें दशलक्षी पान. म्हणजे अहेरीचा परिसर दोन पानांत विभागलेला आणि आलापल्ली ६५ अ मध्यें. जुन्या नकाशावर मात्र अहेरी रेषेच्या स्पष्ट पूर्वेस दिसते. प्रत करणारांनीं आधीं छापील रेखांश तसेच घातले असावेत, कारण टिपणांत 'आरंभीं नदी जमिनीवर येत होती' असें एक वाक्य आहे. येथें थांबून समास वाचला असता तर सर्व उलगडा होता. पण समास तर कापलेला! मग त्यांनीं दुसरा उपाय केला. चार गांवें व नदीचीं दोन वळणें घेऊन तीं आजच्या उपग्रहचित्रावरील त्याच नांवाच्या गांवांवर व वळणांवर ओढून बसविलीं.

आतां 'त्रुटि शून्य' हिचा विचार करूं. चित्र बसविण्याच्या एकघाती रीतीस किमान तीन बिंदु लागतात, द्विघातीस सहा, त्रिघातीस दहा. किमान संख्येइतकेच बिंदु दिले तर समीकरण त्या प्रत्येक बिंदूंतून जाणारच. त्रुटि शून्य येणें हें गणिताच्या पोटांतच आहे, नकाशा बरोबर बसला याचें तें प्रमाण नव्हे. दोन बिंदूंतून रेघ ओढावी व ती दोन्ही बिंदूंतून गेली म्हणून हात बरा म्हणावा, अशांतला हा प्रकार आहे. शाळेंत असें उत्तर आलें असतें तर मीं पाठीवर थाप मारली नसती. सहा बिंदूंऐवजीं बारा घेतले असते तर त्रुटि शून्य आली नसती, आणि ती जी आली असती तीच उपयोगाची होती. लवचीक पत्र्यासारखी चित्र वांकविणारी आणखी एक रीत आहे. तींत तर बिंदु शंभर दिले तरी प्रत्येक बिंदूवर त्रुटि शून्यच येते. अशा प्रतीच्या खालीं शून्य लिहिलेलें पाहून वाचकांनीं भुलूं नये. तपासण्याची सोपी युक्ति अशी कीं बसविलेल्या प्रतींत जुन्या नकाशाच्याच अक्षांश-रेखांशांच्या रेघा पाहाव्या. कागदावर त्या जवळ जवळ सरळ असतात. प्रतींत त्या नागमोडी झाल्या असतील तर कागद पिळला गेला आहे. आपल्या प्रतींत पूर्वेकडील रेघ चक्क कोयत्यासारखी वांकली आहे.

फटींचें काय झालें? आठही तुकडे कापडासकट एकाच छबींत घेतले, त्यामुळें तीन उभ्या फटी जमीन म्हणून मोजल्या गेल्या. ह्या मापांत एक मिलिमीटर म्हणजे सुमारें अडीचशें मीटर. तीन फटींची मिळून सव्वादोन किलोमीटर जमीन निर्माण झाली, जी कोणत्याही जमीनदारींत नव्हती.

आधारबिंदूंची निवड ही खरी मर्माची जागा. गांवाचें नांव तेंच म्हणून जागा तीच, हें गृहीत ह्या अरण्यांत चालत नाहीं. माडियांची वस्ती फिरत्या शेतीबरोबर, रोगराईनें किंवा अन्य कारणानें हलत आली आहे. नांव बरोबर जातें, जागा मागें राहते. नदीचीं वळणेंही तशींच. वाळूच्या पात्रांत शंभर-सवाशें वर्षांत काठ सरकतात, आणि खालीं सिरोंच्याच्या बाजूस २०१९ पासून मेडीगड्डाच्या बंधाऱ्याचें पाणी मागें चढूं लागल्यावर उपग्रहचित्रांतील कांठ कोणत्या वर्षाचा हेंच आधीं विचारावें लागतें. तेव्हां आजच्या गांवावरून जुना नकाशा बसवावयाचा, आणि मग त्या नकाशावरून तें गांव पूर्वीं कोठें होतें हें सिद्ध करावयाचें, यास नैयायिक अन्योन्याश्रय दोष म्हणतात. साध्य आणि साधन एकमेकांच्या खांद्यावर बसलेलीं आहेत.

हा सर्व खल केवळ विद्वत्तेसाठीं असता तर मीं त्रैमासिकाचीं पानें अडविलीं नसतीं. आलापल्लीपासून पूर्वेस आंत असलेल्या एका टोल्याच्या लोकांनीं हा नकाशा आपल्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यांत जोडण्याचें ठरविलें आहे. टोल्याचें नांव देत नाहीं, कारण प्रकरण चालू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत पुराव्याच्या यादींत गॅझेटियर, शिरगणती, मोजणी व बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, उपग्रहचित्रें, वनखात्याच्या कार्ययोजना हीं सर्व येतात. ह्याच जिल्ह्यांतील मेंढा-लेखा गांवास २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, हें सर्वश्रुत आहे. टोल्याच्या लोकांचें म्हणणें एवढेंच कीं आमची वस्ती नाल्याच्या पूर्वेस पूर्वापार आहे. मूळ नकाशांत टोल्याचा ठिपका नाल्याच्या पूर्वेसच आहे. पण प्रत उपग्रहचित्रावर टाकून पाहिली तर ठिपका नाल्याच्या पश्चिमेस, तांबड्या शाईच्या हद्दीच्या आंत पडतो! ती पाहून एका अधिकाऱ्यानें 'म्हणजे तुम्ही मागाहून नाला ओलांडून आलांत' असा निष्कर्ष तोंडीं सांगितला, असें मला टोल्यांतील वृद्धांनीं सांगितलें.

येथें दोष दुहेरी आहे. ठिपका जुन्या नकाशाचा, आणि नाला आजच्या चित्राचा. ह्या दोहोंची सांगड मूळ मोजणीदारानें कधींच घातली नव्हती. चार मैलांस एक इंच या मापांत नुसती अर्ध्या मिलिमीटरची रेघ सव्वाशें मीटर रुंद होते. अशा कागदास 'ही वस्ती अमुक अक्षांशावर होती काय?' हें विचारूंच नये. त्यास तें माहीत नाहीं. परंतु 'वस्ती नाल्याच्या ह्या कांठाला कीं त्या कांठाला?' हें विचारावें. तें तो मोजणीदार पायीं चालून, नाला उतरून, पाहून लिहिता झाला. जुना नकाशा अंतरांपेक्षां संबंधांचा साक्षीदार अधिक भरंवशाचा असतो. कांठ कोणता, संगम वर कीं खालीं, वाट कोणत्या खिंडींतून जाते, हें त्यास पक्कें ठाऊक असतें. म्हणून ठिपका वाचावयाचा तो त्याच कागदावरच्या नाल्याशीं ताडून. २०१२ मध्यें वरील नियमांत झालेल्या दुरुस्तींत, उपग्रहचित्रें व तत्सम साधनें इतर पुराव्यास पूरक आहेत, त्याच्या जागीं तीं घेऊं नयेत, असें स्पष्ट घातलें आहे. कायदे करणारांस जें कळलें तें आपणां नकाशावाल्यांस कळूं नये हें नवल.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या साह्यानें मीं हें काम पुन्हां करून पाहिलें. क्यूजीआयएस नांवाची विनामूल्य आज्ञावली त्यासाठीं पुरते. आठ तुकड्यांच्या आठ निराळ्या छब्या घेतल्या. गांवें व नद्या यांस हात लावला नाहीं. छापील जाळ्याचे छेद आणि चौकटीवरील कलांच्या खुणा एवढेच आधारबिंदु घेतले, व प्रत्येकाच्या रेखांशांतून समासांतील टिपेबरहुकूम दुरुस्ती वजा केली. रीत एकघातीच ठेवली. दोन ओळींची मांडणी असल्यामुळें प्रत्येक तुकड्यास चौकटीचा थोडा तरी भाग लाभतो, म्हणून हें शक्य झालें. समास कापलेल्या प्रतीवर तें झालें नसतें. प्राणहिता न ओढतां आपल्या पात्रांत आली. अहेरी व आलापल्ली आपापल्या जागीं, ठिपक्याच्या रुंदीइतका फरक सोडून, उतरलीं. भामरागडाच्या बाजूस मात्र नाले बसत नाहींत. कांहीं ठिकाणीं एक-दीड किलोमीटर फरक राहतो. तो मीं राहूं दिला आहे, कारण तो मोजणीदाराचा आहे, माझा नव्हे. तिकडील भाग त्यानें टेकडीवरून नजरेनें रेखाटला असावा असें रेघांच्या पातळपणावरून वाटतें. ओढून ताणून ते नाले बसवले तर तो भाग नीट मोजलेला नव्हता ही माहितीच नाहींशी होईल.

एव्हरेस्टच्या १८३० च्या पृथ्वीगोलापासून आजच्या जागतिक गोलावर येतांना पडणारा आणखी शंभर-दोनशें मीटरांचा फरक मीं मुद्दाम जमेस धरला नाहीं. ह्या कागदावर तो मिलिमीटरभरही होत नाहीं. एका मैलास एक इंच किंवा जंगल मोजणीचे चार इंचांस एक मैल असे नकाशे असतील तर मात्र तो धरलाच पाहिजे. तसेंच कागदाचें आकसणें. पंधरा कलांचें पान दक्षिणोत्तर साडेसत्तावीस किलोमीटरांचें. तें शेंकडा एक आकसलें तरी पावणेतीनशें मीटर गेले, आणि कागद उभा व आडवा सारखा आकसत नाहीं.

पहिली प्रत करणाऱ्या तरुणांस मी दोष देत नाहीं. त्यांस संगणक येत होता, समास वाचणें कोणीं शिकविलें नव्हतें. समास वाचणें आम्हांस येत होतें, आणि आम्हीं नकाशे दप्तराच्या तळाशीं घालून ठेवले. दुसऱ्या प्रतीबरोबर आधारबिंदूंची संपूर्ण यादी, प्रत्येक बिंदूवर उरलेली चूक, न कापलेल्या आठ छब्या व समासाची निराळी छबी हीं सर्व टोल्याच्या ग्रामसभेकडे दिलीं आहेत. मूळ कागद वारसांकडेच राहील.

भामरागड व एटापल्ली यांच्या बाजूचें याच मापाचें, १९०५ पूर्वींचें दुसरें एखादें पान कोणा वाचकाच्या संग्रहीं असेल तर त्याच्या समासांतील रेखांशाची टीप शब्दशः उतरून पाठवावी. पानापानांवर ही टीप वेगळी असूं शकते, आणि आमच्या पानाच्या पूर्वेकडील तुकड्यावर ती पुसट झालेली आहे.